वाटीखालचे जुने दुखणे: इंजेक्शन घ्यावे की शस्त्रक्रिया करावी, हे ठरवण्याची रीत

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव करणारे व्हॉलीबॉलपटू असोत, पर्वतीच्या पायऱ्यांवर दम वाढवणारे पोलीस भरतीचे उमेदवार असोत किंवा मॅटवर कबड्डी खेळणारे चढाईपटू असोत, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच खेळाडूंना आपली तक्रार एका बोटाने दाखवता येते. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकावर ते बोट ठेवतात आणि म्हणतात, "इथेच, बरोबर इथे." सुरुवातीला उडी मारताना दुखते आणि अंग गरम झाले की थांबते. पुढे सराव संपल्यावर ठणका लागतो, आणि दुर्लक्ष केले तर वर्षभरात जिना उतरणेही नकोसे होते. अशा खेळाडूच्या फायलीत एव्हाना दोन एमआरआय असतात, पिशवीत पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या असतात आणि मनात एकच प्रश्न असतो: पीआरपी (आपल्याच रक्तातून बनवलेले इंजेक्शन) घेऊ की ऑपरेशन करून टाकू?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंजेक्शन देणे किंवा शस्त्रक्रिया करणे हे माझे काम नाही, परंतु या दोन्हींच्या आधीचे आणि नंतरचे कित्येक महिने खेळाडू माझ्यासमोर असतो, आणि त्या अनुभवावरूनच हे लिहीत आहे. जे सांगायचे आहे ते आधीच सांगतो: दुखऱ्या कंडरेला (वाटीला नडगीशी जोडणाऱ्या पट्टीला) ताकद येते ती तिच्यावर टाकलेल्या योग्य भाराने, आणि सुई किंवा सुरी फार तर त्या भाराची वाट मोकळी करून देते. हे ध्यानात ठेवून पुढचा प्रत्येक निर्णय घ्यावा.

नेमके काय बिघडलेले असते

वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी जी जाड, पांढरी पट्टी असते, ती ही कंडरा. मांडीच्या पुढच्या स्नायूचा सगळा जोर तिच्यातूनच पायापर्यंत पोहोचतो, म्हणून उडी घेताना आणि त्याहूनही अधिक उडीवरून खाली येताना तिच्यावर मोठा ताण पडतो. 1973 मध्ये अमेरिकेतील ब्लाझिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराला 'जम्पर्स नी' हे नाव दिले आणि ते आजही रूढ आहे. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत व्हॉलीबॉलपटूंपैकी जवळजवळ 45 टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे 32 टक्के खेळाडूंना हा त्रास असल्याचे आढळले होते. तेव्हा हे दुखणे आपल्या एकट्याच्याच नशिबी आले आहे, असे कोणी समजू नये.

जुन्या दुखण्यात कंडरेला आलेली सूज हा मुख्य दोष नसतो. नव्या काथ्याच्या दोरात जसे सगळे पीळ एका दिशेला असतात, तसे निरोगी कंडरेत कोलॅजेनचे तंतू असतात. दुखऱ्या भागात हे पीळ उसवतात, मधे पाणी धरणारा चिकट पदार्थ साठतो आणि मागच्या चरबीच्या गादीकडून बारीक रक्तवाहिन्या व त्यांच्यासोबत मज्जातंतू आत शिरतात. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा गुण दोन दिवस येतो आणि जातो, तो यामुळेच. त्यातही महत्त्वाची गोष्ट अशी, की हा बिघडलेला भाग बहुधा लहान असतो आणि त्याच्या भोवतीची कंडरा बरीचशी शाबूत असते. उपचारांचा रोख या शाबूत भागाला अधिक भार पेलता येईल इतके मजबूत करण्याकडे असतो.

आधी निदान पक्के करावे

खेळाडूला पाय सरळ सोडून झोपवावे, वाटीची वरची कड एका हाताने खाली दाबून धरावी म्हणजे खालचे टोक किंचित वर उचलले जाते, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या टोकावर दाब द्यावा. कंडरेचे दुखणे असेल तर खेळाडू तिथेच कळवळतो. मात्र उड्या मारणाऱ्या निरोगी खेळाडूलाही इथे थोडे दुखते, त्यामुळे एवढ्यावर थांबता येत नाही. उतरत्या फळीवर एका पायावर बसायला लावले की जितका वाकेल तितके दुखणे वाढत जाते आणि तरीही ते त्या एका टोकावरच राहते. ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. जो खेळाडू पूर्ण तळवा वाटीवर ठेवून "आत कुठेतरी दुखते" असे सांगतो, त्याचा दोष बहुतेक वेळा वाटीमागच्या सांध्याचा असतो आणि त्याला या लेखातील इंजेक्शनांचा किंवा शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. वाढीच्या वयातील मुलांमध्ये दुखण्याचे मूळ हाडाच्या वाढणाऱ्या टोकाशी असते, आणि त्यांना तर या वाटेला नेऊच नये.

सोनोग्राफी आणि एमआरआय जरूर करावेत, पण अहवाल वाचून घाबरू नये. काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या कंडरेतही काळसर डाग आणि जाडी दिसते, आणि दुखणे थांबल्यावरही चित्र तसेच राहू शकते. अहवालात पाहायचे ते एवढेच, की तंतू कुठे तुटले आहेत का आणि तुटले असल्यास जाडीच्या किती भागात.

एक अपवाद मात्र ताबडतोब ओळखावा लागतो. उडी घेताना किंवा उतरताना 'कट्' असा आवाज येऊन पाय दुमडला, वाटी वर सरकल्यासारखी दिसू लागली आणि झोपून सरळ पाय उचलता येईनासा झाला, तर कंडरा पूर्ण तुटलेली असण्याची दाट शक्यता असते. तिथे व्यायाम, पीआरपी किंवा वाट पाहणे यांपैकी काहीही चालत नाही. त्याच दिवशी अस्थिशल्यविशारदाकडे जावे, कारण ही शिवण्याची शस्त्रक्रिया लवकर झाली तरच सोपी असते.

भाराची परीक्षा खरोखर झाली आहे का

"व्यायाम करून झाला, काही फरक पडला नाही" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. गेल्या वर्षी एका व्हॉलीबॉलपटू मुलीने हेच सांगितले आणि पुरावा म्हणून वही पुढे केली. वही नीटनेटकी होती, सहा महिन्यांची एकही तारीख चुकलेली नव्हती, पण प्रत्येक पानावर वजनाच्या रकान्यात पहिल्या दिवशीचाच आकडा होता: पाच किलो. तिचे कष्ट खरे होते. वजन वाढवायचे असते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. अशा खेळाडूच्या बाबतीत व्यायाम निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही, कारण तो अजून सुरूच झालेला नसतो.

खरी परीक्षा कशी असते ते सांगतो. दुखणे फार चढलेले असेल तेव्हा पाय हलू न देता धरून ठेवण्याचे व्यायाम करावेत: लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर गुडघा साधारण 60 अंशांत ठेवून, आपल्या कमाल ताकदीच्या सुमारे 70 टक्के जोर लावून 45 सेकंद धरावे, मधे पुरेशी विश्रांती घ्यावी आणि असे पाच वेळा करावे. काहींचे दुखणे यानंतर काही काळ चांगलेच कमी होते. त्यानंतरचा पाया म्हणजे सावकाश आणि जड वजनांचा व्यायाम. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासातला क्रम मी आजही वापरतो: आठवड्यातून तीन दिवस बैठक, लेग प्रेस आणि हॅक स्क्वॉट, प्रत्येकाचे चार संच, खाली जाताना तीन सेकंद व वर येताना तीन सेकंद. पहिल्या आठवड्यात जेमतेम 15 वेळा उचलता येईल इतके वजन घ्यायचे आणि बाराव्या आठवड्यापर्यंत ते इतके वाढवायचे की सहा वेळांतच दम संपावा. ज्यांना जिम परवडत नाही त्यांच्यासाठी 25 अंशांची उतरती फळी हा चांगला पर्याय आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जाड प्लाय आणून कोणताही सुतार ती करून देतो. 30 सेंटिमीटर तळ आणि 14 सेंटिमीटर उंची असे माप दिले की उतार बरोबर येतो. वरच्या बाजूला टाचा आणि उताराकडे बोटे ठेवून दुखऱ्या पायावर सावकाश खाली बसायचे, वर येताना दुसऱ्या पायाची मदत घ्यायची, 15 वेळांचे तीन संच, दिवसातून दोनदा. पुढे पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवत न्यायचे.

व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखले तर चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फळीवरची एक बैठक कालच्यापेक्षा अधिक दुखत असेल तर भार जास्त झाला असे समजावे. या काळात पर्वतीच्या 103 पायऱ्या धावत उतरणे आणि रविवारचा सिंहगड थांबवावा लागतो, कारण उताराचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि कंडरेला तो चुकवावा लागतो. दर महिन्याला 'व्हिसा-पी' ही आठ प्रश्नांची, शंभर गुणांची प्रश्नावली भरून ठेवावी. पुढे कोणताही निर्णय घेताना डॉक्टरांना त्या आकड्यांचा मोठा आधार होतो. अशी परीक्षा किमान तीन महिने, आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर सहा महिने झालेली असावी.

जैविक उपचार: अपेक्षा किती ठेवावी

पीआरपी म्हणजे खेळाडूचेच रक्त यंत्रात गरगर फिरवून त्यातील बिंबिका (प्लेटलेट) अधिक प्रमाणात असलेला भाग वेगळा करायचा आणि तो सोनोग्राफीत पाहत दुखऱ्या जागी टोचायचा. बिंबिकांमधून वाढीला चालना देणारी द्रव्ये बाहेर पडतात आणि कंडरेची दुरुस्ती सुरू होते, अशी यामागची कल्पना आहे. राफाएल नदालने 2010 मध्ये गुडघ्यांसाठी हा उपचार घेतल्याचे सर्वांना माहीत आहे आणि माझ्यासमोर त्याचे नाव हमखास निघते. त्यावर मी एवढेच सांगतो, की 2012 मध्ये त्याच कंडरेच्या दुखण्यामुळे त्याला सुमारे सात महिने खेळापासून दूर राहावे लागले होते.

अभ्यास काय सांगतात ते नीट पाहावे. 2013 मध्ये इटलीतील अभ्यासात पीआरपीचा गट शॉकवेव्हच्या (यंत्राने बाहेरून लहरींचे धक्के देण्याच्या उपचाराच्या) गटापेक्षा सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुढे होता. 2014 मध्ये अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात नुसत्या सुईने टोचण्याच्या तुलनेत पीआरपीचा फायदा 12 आठवड्यांनी दिसला, पण 26 आठवड्यांनी तो फरक उरला नव्हता. आणि 2019 मध्ये 57 खेळाडूंवर झालेल्या तुलनेत, पांढऱ्या पेशी असलेले पीआरपी, त्या कमी केलेले पीआरपी आणि साधे सलाईन या तिन्हींत वर्षभरात लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायाम मात्र तिन्ही गटांनी केला होता. हे सगळे समोर ठेवल्यावर माझे मत असे झाले आहे, की पीआरपी ही पहिली पायरी नव्हे. भाराची परीक्षा प्रामाणिकपणे देऊनही जो अडकला आहे, ज्याची कंडरा फार तुटलेली नाही आणि ज्याला शस्त्रक्रिया टाळायची आहे, त्याने समजून-उमजून एकदा ते करून पाहण्यास हरकत नाही.

घ्यायचेच ठरले तर काही गोष्टी आधी विचाराव्यात. इंजेक्शन सोनोग्राफीत पाहून देणार का, पांढऱ्या पेशी ठेवणार की कमी करणार, किती वेळा देणार, आणि पुढच्या व्यायामाची जबाबदारी कोणाची? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर थांबावे. आधीचा आठवडाभर सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद ठेवाव्या लागतात, कारण त्या बिंबिकांच्या कामात आड येतात. टोचल्यावर दोन-तीन दिवस दुखणे वाढते. बर्फ आणि विश्रांतीने ते निभावते. त्यानंतर धरून ठेवण्याचे व्यायाम, मग जड वजने आणि शेवटी उड्या, असा क्रम पुन्हा पहिल्यापासून लावायचा असतो. विम्याचे म्हणाल तर हा खर्च पॉलिसीत बसतो का, हे टीपीएकडून (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) आधीच लेखी घ्यावे.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाबद्दल मी स्पष्टपणे सावध करतो. डेन्मार्कच्या त्याच अभ्यासात स्टेरॉइडने 12 आठवड्यांपर्यंत छान आराम दिला आणि सहा महिन्यांनी तो गट मागे पडला. वारंवार टोचल्यास कंडरा कमकुवत होते. महत्त्वाच्या स्पर्धेच्या चार दिवस आधी असे इंजेक्शन घेऊन मैदानात उतरलेला आणि नंतर अख्खा हंगाम बाहेर बसलेला तरुण मी जवळून पाहिला आहे. ते इंजेक्शन कोणी दिले हे इथे सांगण्याची गरज नाही, पण त्याला त्याचे परिणाम कोणी समजावले नव्हते याचे मला अजून वाईट वाटते. शिवाय 1 जानेवारी 2022 पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांनुसार स्टेरॉइडचे कोणतेही इंजेक्शन स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे, त्यामुळे राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूने नाडाचे (भारतातील उत्तेजकविरोधी संस्थेचे) नियम पाहिल्याशिवाय ते घेऊच नये. पीआरपीवर 2011 पासून बंदी नाही. आणखी एक गोष्ट, जी औषधाच्या चिठ्ठीत सहज निसटते: सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या जातीच्या प्रतिजैविकांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून ताप किंवा पोट बिघडल्यावर डॉक्टरांना आपल्या कंडरेच्या दुखण्याची आठवण करून द्यावी.

मूलपेशींचे आकर्षण मोठे आहे आणि जाहिरातीही तशाच आहेत. 2021 मध्ये बार्सिलोनातील 20 रुग्णांच्या अभ्यासात अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशी आणि पीआरपी या दोन्हींनी दुखणे कमी झाले, आणि पेशी दिलेल्या गटात कंडरेची रचना चित्रात अधिक सुधारलेली दिसली. हे आशादायक आहे, पण वीस माणसांवरून उपचार सिद्ध होत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा विकारांत मूलपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी लाखाचे पॅकेज पुढे केले, तर चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा. क्रमांक न मिळाल्यास तिथून उठावे.

शस्त्रक्रिया केव्हा आणि कशी

शस्त्रक्रियेबद्दल बोलताना मी 2006 च्या नॉर्वेतील अभ्यासापासून सुरुवात करतो. 35 खेळाडूंचे 40 गुडघे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले; एका गटाची उघडी शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याने उतरत्या फळीवरचा व्यायाम केला. वर्षाने दोन्ही गट सारखेच सुधारले होते. मात्र व्यायामाच्या गटातील 20 पैकी पाच गुडघ्यांवर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. माझ्या मते या दोन्ही आकड्यांना सारखेच वजन द्यावे: शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण नाही, आणि काही जणांना तिच्यावाचून गत्यंतर नसते हेही खरे आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ वाढत्या भाराचा व्यायाम होऊनही खेळ आणि रोजचे चालणे-उतरणे अडलेले असेल, किंवा कंडरेच्या जाडीचा निम्म्याहून अधिक भाग तुटलेला दिसत असेल, तर शल्यविशारदाचे मत घेण्यात उशीर करू नये.

उघड्या पद्धतीत कंडरा तिच्या तंतूंच्या दिशेने उभी चिरून बिघडलेला भाग काढतात. काही शल्यविशारद वाटीच्या खालच्या टोकाला बारीक छिद्रे पाडतात किंवा ते टोक थोडे घासतात. दुर्बिणीच्या पद्धतीत छोट्या छेदांतून आत जाऊन कंडरेची मागची बाजू, जिथून त्या नव्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू शिरतात, तेवढीच साफ करतात, आणि कंडरेला शक्यतो हात लावत नाहीत. एकत्रित आढाव्यांत दोन्हींचे यश जवळपास सारखे दिसते, पण पूर्वीच्या पातळीवर परतण्यास दुर्बिणीनंतर सरासरी सुमारे चार महिने आणि उघड्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे आठ महिने लागल्याचे नोंदले आहे. जंतुसंसर्ग, व्रणाभोवती बधिरपणा, गुडघे टेकताना दुखणे, सांधा आखडणे, पायात रक्ताची गुठळी होणे आणि दुखणे तसेच राहणे, हे सर्व धोके संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मोकळेपणाने विचारावेत. "तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, आणि चांगला शल्यविशारद त्याने दुखावत नाही.

तारीख निवडताना हंगाम समोर ठेवून मागे मोजत यावे. डिसेंबर-जानेवारीत महत्त्वाचे सामने असतील तर एप्रिलमधली शस्त्रक्रिया समजण्यासारखी आहे, सप्टेंबरमधली नाही.

त्यानंतरचे महिने

टाके काढायच्या दिवशी मी शिंप्याची टेप घेऊन बसतो. वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण करायची आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजायचा. दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक पाहून खेळाडूचा चेहरा उतरतो. दुखण्यामुळे तो पाय महिनोन्महिने चोरला गेलेला असतो आणि शस्त्रक्रियेने त्यात भर पडलेली असते. हाच आकडा पुढच्या चार महिन्यांचे काम ठरवतो.

पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा सरळ होणे आणि मांडीचा स्नायू आवळता येणे, एवढेच पाहावे. पायावर किती वजन टाकायचे आणि पट्टा किती दिवस, हे शल्यविशारद सांगतील तसेच करावे, कारण कंडरा किती कापली हे त्यांनीच पाहिलेले असते. साधारण दोन-तीन आठवड्यांनी जागेवरची सायकल, सहा ते आठ आठवड्यांनी सावकाश जड वजने, आणि तीन महिन्यांच्या सुमारास सपाट मैदानावर धावणे, असा माझा क्रम असतो. उघड्या शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक टप्पा मागे सरकतो. धावण्यासाठी सणस मैदानासारखा ट्रॅक बरा, टेकडी नको.

उड्यांना सुरुवात तारखेवरून करू नये. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या 90 टक्क्यांपर्यंत आली, उतरत्या फळीवरची बैठक तीनपेक्षा कमी दुखते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका नाही, या तिन्ही गोष्टी जमल्यावरच दोन पायांवर कमी उंचीच्या उड्या सुरू कराव्यात आणि त्या मोजाव्यात. आरंभी एका सत्रात तीस, आठवड्यातून दोनदा, मधे किमान दोन दिवसांचे अंतर. मग एका पायावर, मग नेटजवळ, आणि सर्वांत शेवटी सामन्यात. प्रशिक्षकाला हा आकडा कागदावर लिहून द्यावा, म्हणजे संध्याकाळच्या उत्साहात तो दुप्पट होत नाही. खेळ पूर्ववत सुरू झाल्यावरही जड बैठका आठवड्यातून दोनदा चालूच ठेवाव्यात, आणि टेपचे माप दर महिन्याला दोन्ही मांड्यांवर घ्यावे.